तुरीनचें प्रेतवस्त्र

इटलीच्या उत्तर भागांत, आल्प्स पर्वताच्या छायेंत वसलेल्या तुरीन शहरीं संत योहानाचें प्रधान मंदिर आहे. त्या मंदिरांत लिननचें, म्हणजे जवसाच्या देठांच्या तंतूंपासून विणलेलें, एक जुनें कापड मोठ्या जपणुकीनें ठेवलेलें आहे. त्याची लांबी सुमारें ४.४ मीटर व रुंदी सुमारें १.१ मीटर. त्यावर एका दाढीवाल्या, विवस्त्र पुरुषाची आकृति दोनदां उमटलेली आहे. एकदां समोरून व एकदां पाठीमागून. दोन्ही आकृतींचीं डोकीं कापडाच्या मध्याकडे व पाय टोकांकडे आहेत, जणूं काय एखादें शव कापडाच्या अर्ध्या भागावर उताणें निजवून उरलेला अर्धा भाग डोक्यावरून घेऊन त्याच्या अंगावर पसरला असावा. आकृतीचा रंग वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा. मनगट, पाय, कूस व कपाळ या ठिकाणीं तांबूस डाग आहेत आणि पाठीवर फटक्यांच्या वळांसारख्या बारीक खुणा आहेत. येशू ख्रिस्ताला क्रुसावरून उतरविल्यावर ज्या वस्त्रांत गुंडाळलें तें हेंच, अशी लक्षावधि भाविकांची श्रद्धा आहे.

ही आकृति जवळून नीट दिसत नाहीं. कापडाशीं नाक लावून पाहणाऱ्यास केवळ मळकट पिंवळेपणा दिसतो. दोन-तीन पावलें मागें सरावें तेव्हां माणूस दिसूं लागतो. या वस्त्राच्या इतिहासाचेंहि बरेंचसें असेंच आहे. शास्त्रज्ञांनीं त्याचा एकेक तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं धरून जितकी चर्चा केली, तितकी त्याच्या जुन्या कागदपत्रांची झाली नाहीं. आणि आमच्या मतें या प्रकरणाची किल्ली त्या कागदपत्रांतच आहे.

मध्ययुगीन युरोपांत पवित्र अवशेषांना तोटा नव्हता. खऱ्या क्रुसाचे तुकडे, कांट्यांच्या मुगुटाचे कांटे, संतांचीं हाडें यांवर देवळांची प्रतिष्ठा व यात्रेकरूंचें उत्पन्न अवलंबून असे. प्रेतवस्त्रेंहि एकाहून अधिक होतीं. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यानें १५४३ मध्यें अवशेषांवर जो उपहासात्मक निबंध लिहिला, त्यांत या अनेक प्रेतवस्त्रांची त्यानें चांगलीच झडती घेतली आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत प्रेताला गुंडाळण्याचीं वस्त्रें व डोक्याचा रुमाल हीं निरनिराळीं सांगितलेलीं आहेत. मग डोक्यासकट सर्व देह एकाच अखंड कापडावर कसा उमटला, असा त्याचा प्रश्न होता. कॅल्व्हिन हा विरोधी पक्षाचा माणूस, त्याच्या थट्टेवर निर्णय देणें बरें नव्हे. पण या वस्त्राविरुद्ध पहिली फिर्याद कॅथॉलिक बिशपांनींच केली होती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

या वस्त्राचा निर्विवाद इतिहास फ्रान्समधील शांपान्य प्रांतांतल्या लिरे नांवाच्या लहानशा गांवीं सुरू होतो. तेथील जहागीरदार जोफ्रुआ द शार्नी हा नांवाजलेला वीर होता. १३५६ सालीं प्वातिएच्या लढाईंत इंग्रजांशीं लढतांना तो पडला. त्यानें लिरे येथें एक चर्च स्थापिलें होतें व त्या चर्चांत हें वस्त्र इ. स. १३५५ च्या सुमारास लोकांस दाखवूं लागले. १८५५ सालीं पॅरिस येथें सेन नदीच्या गाळांत यात्रेकरूंनीं अंगावर लावण्याचें एक लहान बिल्ल्यासारखें पदक सांपडलें. त्यावर ही दुहेरी आकृति व शार्नी आणि व्हर्जी या दोन घराण्यांचीं चिन्हें आहेत. जोफ्रुआची पत्नी झान ही व्हर्जी घराण्यांतील. तेव्हां लिरेचें वस्त्र तें हेंच, याविषयीं शंका उरत नाहीं.

यानंतरचा महत्त्वाचा कागद १३८९ चा. लिरे हें गांव ज्याच्या अधिकारांत होतें त्या त्र्वा येथील बिशप पिएर दार्सी यानें आविन्यों येथील पोप सातवा क्लेमेंट यास उद्देशून एक निवेदन लिहिलें. जोफ्रुआच्या मुलानें वस्त्राचें प्रदर्शन पुन्हां सुरू केलें होतें व त्यामुळें बिशप संतापला होता. तो लिहितो कीं, सुमारें ३४ वर्षांपूर्वीं माझ्या गादीवर असलेल्या आंरी द प्वातिए यानें या वस्त्राची चौकशी केली होती. ख्रिस्ताची आकृति त्याच्या प्रेतवस्त्रावर खरोखर उमटली असती तर शुभवर्तमानकारांनीं ती गोष्ट सांगितल्यावांचून सोडली नसती, असें पंडितांनीं तेव्हां मत दिलें. आणि अखेर हें कापड कौशल्यानें कसें रंगविलें तें उघडकीस आलें, रंगविणाऱ्यानेंच तशी कबुली दिली. लिरेच्या चर्चाचा प्रमुख द्रव्यलोभानें हें करीत होता, असाहि त्याचा स्पष्ट आरोप आहे.

या निवेदनावर वस्त्राच्या कैवाऱ्यांनीं पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. त्याच्या ज्या प्रती उरल्या त्यांवर तारीख नाहीं, सही नाहीं. शिवाय ज्या आंरीनें चौकशी केली म्हणतात, त्यानेंच १३५६ मध्यें जोफ्रुआच्या धर्मकार्याची वाखाणणी करणारें पत्र दिलें आहे. हे आक्षेप अगदींच पोकळ नाहींत. दार्सीला यात्रेच्या उत्पन्नाचा मत्सर वाटत असेल, असेंहि म्हणतां येईल. परंतु पोपनें काय केलें तें पाहावें. क्लेमेंटचा एक चुलता झान द व्हर्जीचा दुसरा नवरा होता. म्हणजे पोप शार्नी घराण्याचा सोयरा. १३९० च्या जानेवारींत त्यानें दार्सीला या बाबतींत गप्प बसण्याची आज्ञा केली खरी, पण त्याच वेळीं असेंहि ठरवून दिलें कीं, वस्त्र दाखवितांना, हें ख्रिस्ताचें खरें प्रेतवस्त्र नसून त्याची प्रतिकृति आहे, असें मोठ्यानें सांगितलें पाहिजे. सोयऱ्याची बाजू राखूं पाहणारा न्यायाधीशदेखील जेव्हां मुद्द्याची गोष्ट फिर्यादीच्या बाजूनें देतो, तेव्हां त्या निकालास वजन येतें.

अलीकडे, २०२५ मध्यें, या साक्षीला आणखी एक जोड मिळाली. चौदाव्या शतकांतील थोर फ्रेंच तत्त्वज्ञ व गणितज्ञ निकोल ओरेम याच्या एका लेखाकडे संशोधकांचें लक्ष वेधलें गेलें. त्यांत शांपान्यांतील एका चर्चांत ख्रिस्ताचें प्रेतवस्त्र म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कापडाचा उल्लेख पुरोहितांच्या लबाडीचें उदाहरण म्हणून आला आहे. ओरेम १३८२ सालीं वारला. म्हणजे दार्सीनें लेखणी उचलण्यापूर्वींच, ज्याला लिरेच्या उत्पन्नाशीं कांहीं देणें-घेणें नव्हतें अशा माणसास ही गोष्ट माहीत होती. मत्सराचा आक्षेप यापुढें फारसा टिकत नाहीं.

पुढचा प्रवास थोडक्यांत सांगतां येईल. जोफ्रुआची नात मार्गरीत हिनें युद्धाच्या धामधुमींत सुरक्षिततेच्या सबबीवर नेलेलें वस्त्र लिरेच्या चर्चास परत दिलेंच नाहीं. ती तें ठिकठिकाणीं घेऊन हिंडली व १४५३ मध्यें तिनें तें सव्हॉयच्या ड्यूक लुई यास देऊन टाकलें. बदल्यांत तिला किल्ला व उत्पन्न मिळालें. चर्चनें फिर्याद केली, बाईला धर्मबहिष्कृतहि केलें, पण वस्त्र गेलें तें गेलेंच. राजघराण्याच्या हातीं येतांच त्याची प्रतिष्ठा वाढली आणि क्लेमेंटनें घातलेली अट लोक विसरले. १५३२ च्या डिसेंबरांत शांबेरी येथील राजवाड्याच्या चर्चास आग लागली; वस्त्र ज्या चांदीच्या पेटींत होतें ती वितळूं लागून तप्त चांदीनें घडीच्या एका कोपऱ्यास भोंक पाडलें. घडी उलगडल्यावर तीं भोंकें दोन समांतर रांगांनीं दिसूं लागलीं. दोन वर्षांनीं जोगिणींनीं त्यांवर ठिगळें लावलीं. १५७८ मध्यें सव्हॉयची राजधानी तुरीन झाली होती म्हणून वस्त्रहि तेथें आलें, आणि मधले थोडे काळ वगळतां तेथेंच राहिलें. इटलीचा शेवटचा राजा दुसरा उंबेर्तो १९८३ सालीं वारला. त्यानें मृत्युपत्रानें तें पोपच्या स्वाधीन केलें.

याप्रमाणें पांचशें वर्षें हें कापड इतर अनेक अवशेषांपैकीं एक होतें. तें जगाच्या कुतूहलाचा विषय बनलें तें १८९८ च्या मे महिन्याच्या २८ तारखेस. त्या सालीं तुरीन येथें त्याचें प्रदर्शन होतें. सेकोंदो पिआ नांवाच्या एका वकिलास छायाचित्रें काढण्याचा नाद होता. त्याला वस्त्राचें छायाचित्र घेण्याची परवानगी मिळाली. रात्रीं विजेचे दिवे लावून त्यानें मोठ्या कांचांवर तें घेतलें व घरीं जाऊन रसायनांत धुतलें. कांचेवर नेहमींप्रमाणें उलटी छाया उमटावयाची. काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें. परंतु त्या निगेटिव्ह कांचेवर पिआला दिसला तो एक गंभीर, मिटल्या डोळ्यांचा, सजीव वाटणारा चेहरा. प्रत्यक्ष कापडावर जो चेहरा घुबडासारखा सपाट व विचित्र दिसतो, तो उलट केल्याबरोबर सुलट झाला होता.

एवढ्या एका गोष्टीनें वादाचें स्वरूपच पालटलें. चौदाव्या शतकांत छायाचित्राची कल्पना कोणास होती? मग निगेटिव्ह चित्र काढणारा चित्रकार कोठून आला? पॅरिसमधील प्राणिशास्त्रज्ञ इव्ह दलाज हा स्वतः अज्ञेयवादी. तरी १९०२ च्या एप्रिलमध्यें त्यानें फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें हें वस्त्र ख्रिस्ताचेंच असावें असें प्रतिपादिलें. अकादमीचा चिटणीस, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ बर्तलो, यानें तो भाग छापण्याचें नाकारलें. नास्तिक म्हणावा असा मनुष्य बाजूनें बोलतो आणि तिकडे यूलिस शव्हालिए हा कॅथॉलिक पाद्री-इतिहासकार दार्सीचे व क्लेमेंटचे कागद प्रसिद्ध करून वस्त्र बनावट असल्याचें दाखवितो, असा तो विलक्षण देखावा होता. शव्हालिएची श्रद्धा यामुळें कमी झाली नाहीं. त्यानें फक्त कागद जसे होते तसे पुढें ठेवले.

आतां या निगेटिव्हपणाचा अर्थ काय, तें शांतपणें पाहूं. चित्रकार माणसाचा चेहरा रंगवितो तेव्हां उजेड कोठून येतो तें मनांत धरून उजळ व काळोखे भाग काढतो. या वस्त्रावर तसें नाहीं. येथें नाक, भुंवया, गालफडें, दाढी असे जे उंच भाग, ते सर्वांत गडद आहेत. डोळ्यांच्या खोबणी, गळा असे खोल भाग फिकट आहेत. म्हणजे हें उजेड-सावलीचें चित्र नसून उंच-सखलपणाचें आहे. १९७६ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका यंत्राच्या साह्यानें या गडद-फिक्या छटांचें उंचीत रूपांतर केलें, तेव्हां खरोखरच उठावाची आकृति निघाली, आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पण असें चित्र मिळविण्यास ना छायाचित्र लागतें, ना चमत्कार. आपल्याकडील संशोधक शिलालेखाचा ठसा घेतात तेव्हां ओला कागद दगडावर ठोकून वरून शाई फिरवितात. दगडाचा उंच भाग काळा होतो व कोरलेलीं अक्षरें पांढरीं राहतात. दगडाच्या जागीं उठावाची मूर्ति घ्या व तिच्यावर कापड ताणून पूड घासा. नाक व कपाळ गडद, डोळे फिके. आणि त्याचें छायाचित्र घेतल्यास निगेटिव्ह कांचेवर सुलट चेहरा. पिआच्या कांचेवरील आश्चर्याचा अर्धा भाग एवढ्यानेंच ओसरतो.

उरलेला अर्धा भाग भूमितीचा आहे आणि तो याहून निर्णायक आहे. ज्याला शंका असेल त्यानें तोंडास हळद किंवा कोळशाची पूड माखून त्यावर ओलें फडकें दाबून पाहावें, आणि फडकें पसरावें. चेहरा दुप्पट रुंद झालेला दिसेल. कान दोन्ही बाजूंस दूर गेलेले असतील. गोल वस्तूवर गुंडाळलेलें कापड सपाट केलें कीं बाजू उलगडून रुंदावतात, यास उपाय नाहीं. तुरीनच्या वस्त्रावर तसें झालेलें नाहीं. तेथील चेहरा लांबोडा व अरुंद आहे, गॉथिक शिल्पांतील संतांच्या चेहऱ्यांसारखा. देहाच्या बाजू मुळींच उमटलेल्या नाहींत, आणि पुढच्या व मागच्या डोक्यांच्या मध्यें टाळूचा मागमूस नाहीं. उताण्या निजलेल्या माणसाचे केंस मागें पडावयाचे, ते येथें उभ्या माणसाप्रमाणें गालांवरून सरळ खालीं उतरले आहेत. २०२५ सालीं संगणकावर एक पूर्ण देह व एक उथळ उठावाचें शिल्प अशा दोन्हींवर कापड टाकून केलेल्या प्रयोगांत दुसऱ्याचाच ठसा तुरीनच्या आकृतीशीं जुळला. २००९ मध्यें इटालियन रसायनशास्त्रज्ञ लुइजी गार्लास्केल्ली यानें एका माणसावर कापड पसरून गेरू घासला. चेहऱ्यासाठीं मात्र त्यालाहि उठावाचा मुखवटाच घ्यावा लागला. कैवारी यावर म्हणतात कीं आकृति स्पर्शानें उमटलीच नाहीं, पुनरुत्थानाच्या क्षणीं देहांतून सरळ वर-खालीं जाणाऱ्या तेजानें ती उमटली. असेल, पण मग तो प्रश्न इतिहासाच्या कक्षेंतला राहत नाहीं, आणि प्रयोगशाळेंतलाहि राहत नाहीं.

प्रतिपक्षास न्याय म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९७८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका मंडळीनें या वस्त्राची १२० तास तपासणी केली आणि १९८१ मध्यें सांगितलें कीं, आकृति रंगाची नसून तंतूंच्या अगदीं वरच्या थरांतील पदार्थ करपल्यासारखा पिवळा पडल्यानें झालेली आहे. रंग आंत मुरलेला नाहीं. तांबूस डागांना त्यांच्यांतील दोघांनीं रक्त ठरविलें. शिकागोचा सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यास मात्र त्याच नमुन्यांत गेरू व हिंगूळ आढळला. हा वाद मिटलेला नाहीं. पण तो मिटला तरी काय? डाग रक्ताचे निघाले तरी रक्त कोणाचें व कधींचें हें त्यावरून ठरत नाहीं. चौदाव्या शतकांतहि रक्त मिळत होतें. २०१८ मध्यें जिवंत माणसावर प्रयोग करून असें दाखविण्यांत आलें कीं, हातावरील व कुशींतील ओघळ एकाच स्थितींतील देहाशीं जुळत नाहींत. खिळ्याची जखम तळहातावर न दाखवितां मनगटाशीं दाखविली आहे, हा कैवाऱ्यांचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

१९८८ मध्यें चर्चच्या संमतीनें कापडाच्या एका कोपऱ्यांतून पट्टी कापून तिचे भाग ऑक्सफर्ड, झूरिक व अमेरिकेंतील ट्यूसॉन येथील प्रयोगशाळांस देण्यांत आले. वनस्पतींच्या तंतूंतील किरणोत्सर्गी कार्बन ठराविक वेगानें घटत जातो; त्यावरून जवस कधीं कापलें तें कळतें. तुलनेसाठीं वय माहीत असलेलीं इतर कापडेंहि सोबत दिलीं होतीं. तिन्ही ठिकाणचें उत्तर एकच: इ. स. १२६० ते १३९०, शंभरांत पंचाण्णव खात्रीनें. दार्सीचें निवेदन ज्यांनीं वाचलें होतें त्यांस यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें. सहा शतकांपूर्वींच्या एका संतप्त बिशपानें सांगितलेला काळ आणि अणूंनीं सांगितलेला काळ एकमेकांवर बरोबर बसले.

यानंतरहि आक्षेप थांबले नाहींत. नमुना नेमका रफू केलेल्या भागांतला होता, असें रेमंड रॉजर्स या रसायनशास्त्रज्ञानें २००५ मध्यें मांडलें. परंतु २००२ मध्यें ठिगळें काढून वस्त्राची दुरुस्ती ज्या वस्त्रतज्ज्ञ बाईंनीं केली त्या मेख्टिल्ड फ्लूरी-लेम्बर्ग यांना तेथें रफू सांपडला नाहीं. तीन प्रयोगशाळांच्या आंकड्यांत अपेक्षेपेक्षां अधिक तफावत आहे, हें २०१९ मधील आक्षेपकांचें म्हणणें खरें आहे. ऑक्सफर्डचें उत्तर इतर दोघांहून थोडें जुनें आलें. पण ती तफावत शतकाच्या आसपासची आहे, तेरा शतकांची नव्हे. पहिल्या शतकांतलें कापड चौदाव्या शतकांतलें दिसावयाचें तर त्यांत मूळ धाग्याहून अधिक अलीकडचा कार्बन मिसळावा लागेल. तितका मळ डोळ्यांस दिसल्यावांचून राहणार नाहीं. २०२२ मध्यें इटालियन संशोधकांनीं एका धाग्यावर क्ष-किरण सोडून वस्त्र दोन हजार वर्षांचें असल्याचें सुचविलें. त्यांच्या हिशेबांत वस्त्र पहिलीं तेरा शतकें ठराविक, सौम्य तपमानांत राहिलें असें गृहीत धरलें आहे. त्या तेरा शतकांचा तर कागदच नाहीं. आणि पुढें हेंच कापड शांबेरीस अशा आगींतून निघालें कीं जिच्यांत चांदी वितळली. चांदी वितळण्यास ९६० अंशांवर उष्णता लागते.

चर्चनें स्वतः हें वस्त्र खरें आहे असें अधिकृतपणें कधीं जाहीर केलें नाहीं, व खोटें आहे असेंहि म्हटलें नाहीं. पूज्य प्रतिमा म्हणून त्याचा मान राखला आहे. १९९७ च्या आगींतून तें पुन्हां एकदां थोडक्यांत बचावलें. आतां घडी न घालतां, सपाट, हवाबंद पेटींत, अंधारांत ठेवितात. १९९८, २०००, २०१० व २०१५ मध्यें तें लोकदर्शनास काढलें, तेव्हां रांगा लागल्या.

राहतां राहिला तो ज्यानें हें केलें तो मनुष्य. त्याचा ठसा उथळ उठावावरून घेतला, एवढें बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें. गार्लास्केल्लीनें कापड भट्टींत तापवून व धुवून जवळपास तशी पिवळी छटा आणली. पण तंतूच्या वरच्या कातडीपुरतीच थांबणारी ती नाजूक छटा, सूक्ष्मदर्शकाखालीं हुबेहूब, आजवर कोणास साधली असें सर्वांनीं मान्य केलेलें नाहीं. दार्सीच्या निवेदनांत त्या कारागिराचें नांव नाहीं. त्यानें कबुली दिली व कापड कसें रंगविलें तें आंरीस कळलें, एवढेंच त्यांत आहे. कोणती पूड, कोणता सांचा, किती उष्णता, याविषयीं एक ओळहि नाहीं. चौकशीच्या वेळीं तो माणूस बिशपापुढें उभा होता व बोलत होता. लिहून घेण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें तेव्हां कोणास वाटलें नाहीं.